नंबरावरची लाख

गफ्फारला मी माफ केलेलं नाही, आणि त्यानं मला केलं असेल असंही वाटत नाही. तो माझा सख्खा दीर, माझ्या नवऱ्याच्या पाठचा. आमचं घर रोहिणखेडला, मशिदीच्या मागच्या आळीत. शिकलगाराचं घर कुठलं विचारलं की कोणीही बोट दाखवायचं. सासऱ्यांच्या काळात तलवारी आणि जंबिये घासून चकचकीत करायचं काम होतं. मग तलवारी खुंटीला गेल्या आणि बंदुका आल्या. माझ्या नवऱ्याला, अन्वर उस्तादांना, बंदुका दुरुस्त करायचं सरकारी लायसन होतं. कागदाच्या माथ्यावर मध्यप्रांत आणि वऱ्हाड असं छापलेलं, खाली त्यांचं नाव. माझं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा धारेच्या साणेचा पट्टा ओढायचं काम माझ्याकडे आलं. शिकलगाराच्या घरात ते बाईचंच काम असतं. ती पट्टा ओढते, दगड फिरतो, नवरा पातं धरतो. चार-पाच वर्षं मी पट्टाच ओढला. मग उस्तादांचे हात कापायला लागले. चाप, घोडा, कमान हे त्यांना जमायचं, कारण तिथं दम खाऊन काम करता येतं. बंदुकीची नळी घासायला मात्र हात एका लयीत चालावा लागतो. मध्येच थरथरला की नळीवर लाट उठते, आणि ती लाट आंधळ्यालाही हाताला लागते. एकदा त्यांनी एकाच नळीवर तीन वेळा लाट पाडली, तेव्हा मी त्यांच्या हातातून रेगमालाचा, घासायचा खरखरीत, कागद काढून घेतला. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हापासून वीस वर्षं मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली, घासाई मी केली. गिऱ्हाईक पुढं ओट्यावर बसून उस्तादांच्या हाताची तारीफ करायचं आणि उस्ताद मान डोलवायचे. मला राग यायचा. पण गिऱ्हाईक गेलं की ते चहाची पहिली बशी माझ्यापुढं सरकवायचे, आणि मी तेवढ्यावर गप्प बसायची. बोलून तरी काय करणार होते? ज्याच्या नावाचं लायसन, त्यानंच हत्याराला हात लावायचा, असं मलकापूरच्या तहसिलीतून दरवर्षी बजावून सांगत. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर मी वीस वर्षं रोज गुन्हा करत होते. मला त्या गुन्ह्याइतकं दुसरं काहीच आवडत नव्हतं.

उस्ताद वारले आणि मी इद्दतीला बसले. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. तेवढ्यात गफ्फार खामगावच्या कापसाच्या जिनातली फिटरची नोकरी सोडून आला आणि भावाच्या जागी स्वतःच्या नावाचं लायसन काढून मोकळा झाला. त्याला दोन बुकं वाचता येत होती आणि साहेबांपुढं कसं वाकायचं ते ठाऊक होतं. बंदूक मात्र त्यानं जन्मात उघडून पाहिली नव्हती.

एके दिवशी तो माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी, विरळ पडद्याच्या बाहेर, येऊन बसला. हातात मुंबईहून मागवलेलं चित्रांचं पुस्तक होतं. त्यात तऱ्हेतऱ्हेची अवजारं छापलेली.

"भाभी, घासाईले काय काय लागते ते सांगा. मी सारं आणून टाकतो," तो म्हणाला.

आपल्याला काही कळत नाही हे कबूल करायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो पडद्याकडे न बघता चित्रांकडे बघत विचारत होता. तरी त्यानं विचारलं याचं मला बरं वाटलं. मी पडद्याआडून मन लावून सांगितलं.

"पहिलं तं कानशी. तीन. एक चपटी, एक अर्धी गोल, एक बारीक गोल. मंग सागाच्या पट्ट्या, दोन बोटं रुंद. रेगमाल पट्टीवर गुंडाळूनच चालवाचा. नुसत्या बोटानं चालवला तं नळीत खड्डे पडते. रेगमाल चार जातीचा पाह्यजे, खरखरीतापासून मऊपर्यंत. मंग कुरुंदाची पूड, जवसाचं तेल, जाड लोकरी नमद्याचे तुकडे, अन् सगळ्यात शेवटी अकीकाच्या दगडाची घोटणी."

"बस?"

"बस. हे सारं माह्या खोलीत हायेच. नवीन फक्त रेगमाल आन."

तो हसला. तसं हसणं मी त्याच्या आईच्या तोंडावर पाहिलं होतं.

"हे तं बाईच्या शिवणाचं गठुडं झालं, भाभी! चिंध्या, कागद अन् तेल. अशानं एका बंदुकीले आठ आठ दिवस लागते. मी जिनात दहा वर्षं काढले. तिथी हातानं कोणी काही घासत नाई." मग त्यानं पुस्तक पडद्याखालून आत सरकवलं. "हे पाहा. पायानं चालवाचं चाक. त्याले कातडं लावाचं, कातड्यावर सरस अन् कुरुंद. नळी टेकवली की अर्ध्या घंट्यात आरसा!"

चित्रात टोपीवाला एक साहेब चाकापुढं वाकून उभा होता. चाक मी पाहिलं. वाईट चीज नव्हती. कुऱ्हाडीच्या पात्याला, विळ्याला ती चालली असती. पण चाकाला कोपरा कळत नाही, कड कळत नाही. समोर येईल ते ते खात सुटतं. ज्याचा हात पक्का आहे त्यानं ते चालवावं. नवशिक्यानं आधी दोन वर्षं पट्टीवर काढावी आणि मगच चाकाकडं बघावं.

"गफ्फार, तू आता शिकून राह्यला," मी म्हणाले. "पहिले पट्टीवर हात बसव. चाक मागून घेजो."

"मले शिकवू नका, भाभी," त्याचा आवाज चढला. "लायसन माह्या नावाचं हाये. अन् ते खिडकीची खोली लागन मले चाकासाठी. तिथी उजेड चांगला हाये. तुमची इद्दत सरली की तुमी सैपाकघरात झोपत जा. लय काम केलं तुमी. आता चुलीपाशी आराम करा."

माझ्या अंगाची आग झाली. वीस वर्षं ज्या खिडकीखाली बसले ती खिडकी हा चित्रं बघता बघता काढून घेत होता, आणि वर आराम करा म्हणत होता! चुलीपाशी कोणाला आराम मिळाला आहे आजवर?

तो उठता उठता थांबला. "आखीन काही राह्यलं का सांगाचं?"

त्यानं हे सरळ मनानं विचारलं होतं. तेवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

"नाई," मी म्हणाले. "काही नाई राह्यलं."

राहिलं होतं. लाखेचं राहिलं होतं. प्रत्येक बंदुकीच्या नळीवर, मुळाशी, तिचा नंबर कोरलेला असतो. तोच नंबर मालकाच्या लायसनवर लिहिलेला असतो. नंबर आहे तोवर ती सरकारमान्य बंदूक. नंबर गेला की ती चोरीची, नाहीतर दरोडेखोराची. मग मालकाला पण हातकडी आणि घासणाऱ्याला पण. म्हणून माझ्या सासऱ्यांपासूनची रीत अशी की, बंदूक हातात आली की कानस उचलायच्या आधी लाख तापवायची आणि नंबरावर रुपयाएवढी टिकली बसवायची. सगळी घासाई झाली की मग ती उचकटायची. त्यामुळं आमच्या हातच्या प्रत्येक नळीवर नंबराभोवती एक जुना काळपट डाग राहायचा. तो डाग बघून लोक ओळखायचे की बंदूक रोहिणखेडला जाऊन आली आहे. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात छापलेली नव्हती. ती सांगायला दोन वाक्यं लागली असती. मी ती गिळली, आणि गिळताना मला गोड लागली.

इद्दत सरायच्या आधीच चाक आलं. जिनातल्या भंगारातून त्यानं एक जड लोखंडी चक्र आणलं होतं, त्याला सुतारानं पायानं दाबायचा पायटा जोडून दिला. माझी बैठक, माझा पाट, माझे रेगमालाचे कागद त्यानं उचलून सैपाकघराच्या कोपऱ्यात आणून आपटले. चाक फिरलं की घराच्या भिंती घुमायच्या आणि माझ्या पिठात कुरुंद पडायचा. आठ दिवस भाकरी दाताखाली कचकचली. मी मुद्दाम पीठ झाकलं नाही. खाऊ दे म्हटलं त्यालाही.

पहिली बंदूक गावातल्याच एका शेतकऱ्याची होती, रानडुकरांसाठी ठेवलेली ठासणीची. नळी आठकोनी. गफ्फारनं ती चाकाला लावली आणि दुपारपर्यंत चमकावून ओट्यावर ठेवली. माझी इद्दत नुकतीच सरली होती; पाणी भरून येताना मी उभी राहून पाहिली. चमक होती, खोटं कशाला बोलू? पण आठही कोन गेले होते. स्क्रूच्या भोकांच्या कडा आत बसल्या होत्या, आणि नळीवर बारीक आडवे ओरखडे पडले होते. हाताची घासाई नळीच्या लांबीनं जाते. आडवा ओरखडा म्हणजे चाकाची सही. त्या बंदुकीचा नंबर खोल ठोकलेला होता म्हणून तेवढा वाचला.

"कोन खाल्ले तुह्या चाकानं," मी म्हणाले. "उस्तादानं पाह्यलं असतं तं नळी तुह्या पाठीत घातली असती."

ओट्यावर दोघं-तिघं बसलेले होते. त्यांच्यापुढं बोलायला नको होतं, पण माझ्या जिभेला तेव्हाही लगाम नव्हता आणि आताही नाही. गफ्फारचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो लोक गेल्यावर सैपाकघरात आला, कोपऱ्यातल्या माझ्या सागाच्या पट्ट्या गोळा केल्या आणि एकेक करून चुलीत घातल्या. त्या पट्ट्या वीस वर्षांच्या होत्या. माझ्या बोटांच्या खाचा त्यांच्यावर पडल्या होत्या, तेल मुरून त्या काळ्या झाल्या होत्या, म्हणून पटकन पेटल्या.

"आता शिकवा कोणाले शिकवता ते," तो म्हणाला. "अन् ह्यापुढं बंदुकीले हात लावला तं मीच तहसिलीत जाऊन सांगन."

मी त्याच विस्तवावर भाकऱ्या केल्या. त्यानं त्या खाल्ल्या. आम्ही दोघं एकमेकांचं मरण मागत होतो आणि एकाच पातेल्यातलं कालवण खात होतो.

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस घासाईचा हंगाम असतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि गंजकी बंदूक पाटावर मांडायची कोणालाही शरम वाटते. त्या हंगामात धामणगाव बढ्याचे भगवानराव बैलांच्या दमणीतून आले. शंभर एकरांचे धनी, आवाज दारातून परसापर्यंत जाणारा. त्यांची विलायती दुनळी मी आधी दोनदा घासलेली होती. तिचा नंबर फार उथळ. आधीच नाजूक कोरलेला, त्यात त्याच्यावर वर्षानुवर्षांचा गंज. मी चुलीपाशी होते, पण त्यांचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

"गफ्फार, उस्तादाचं काम चांगलं होतं," भगवानराव म्हणाले, "पण नंबरापाशी एक काळा डाग ठेवून दे तो. दोनदा सांगितलं, दोनदा तसाच. पोराचं लगन हाये औंदा, पाव्हणे येतीन. बंदूक कशी झकपक दिसली पाह्यजे. डाग नाई पाह्यजे मले."

"डाग? डागाचं नाव नका काढू, मालक. आरशावानी करून देतो. तोंड पाहून घ्या त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नळ्या सोडवल्या. मी दाराच्या फटीतून पाहत होते. माझ्या चुलीशेजारी कोनाड्यात लाखेची कांडी होती, जुनीच. विस्तव पेटलेला होता. उठून लाख तापवून त्याच्यापुढं टाकायची आणि म्हणायचं, आधी हे लाव, मग मर. एवढंच करायचं होतं. मी कांडी हातात घेतलीसुद्धा.

मग चाक घुमायला लागलं. माझ्या खिडकीतला उजेड त्याच्या पाठीवर पडला होता. मला पट्ट्या आठवल्या. मी कांडी कोनाड्यात परत ठेवली आणि पीठ मळायला घेतलं.

मला तेव्हा फक्त एक समजत होतं, की हा पडला पाहिजे. तो पडला की घरात येणारी बंदूकही बंद होईल, आणि बंदूक बंद झाली की मलाही पुन्हा कधी नळीला हात लावता येणार नाही, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही असं म्हणायची सोय आहे. पण ते खरं नाही. आलं होतं. रागापुढं मी ते बाजूला सारलं.

भगवानराव बंदूक न्यायला आले तेव्हा खूश झाले. नळीत खरोखर मिशा दिसत होत्या. त्यांनी गफ्फारच्या पाठीवर थाप मारली आणि जाताना फेटा बक्षीस दिला. गफ्फार तो फेटा बांधून तीन दिवस गावभर फिरला.

डिसेंबरात लायसनं नवी करायला बंदुका तहसिलीत दाखवाव्या लागतात. भगवानरावांनी त्यांची दुनळी मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली असेल. कारकुनानं नंबर वाचायला चश्मा लावला, मग खिडकीशी नेऊन पाहिलं, मग भिंग मागवलं. नंबर नव्हता. डाव्या कडेला अर्ध्या आकड्याची एक खूण उरली होती, तीही कशाची ते सांगता येईना. बंदूक जप्त झाली. भगवानरावांना दोन घंटे बाकावर बसवून ठेवलं. शंभर एकरांच्या धन्याला शिपायाशेजारी! संध्याकाळच्या आत शिपाई आमच्या दारात आला. गफ्फारला घेऊन गेला आणि मला सांगून गेला, उद्या तुम्हीपण हजर राहा. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुमच्या दिरानं तुमचं नाव घेतलं हाये."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बैलगाडीतून मी मलकापूरला गेले. सगळी वाट मी त्याला शिव्या घातल्या. गाडीवान आधी हसत होता, मग बैल हाणायला लागला.

तहसीलदार नवेच होते, कुठून तरी बदली होऊन आलेले, शांत बोलणारे. टेबलावर भगवानरावांची दुनळी आडवी ठेवली होती. एका बाजूला भगवानराव, दुसऱ्या बाजूला गफ्फार. तो फेटा त्याच्या डोक्यावर नव्हता.

"हिनं केलं, साहेब," मी आत पाऊल टाकताच गफ्फार म्हणाला. "सारी घासाई हेच करते. आजची गोष्ट नाई, माह्या भावाच्या टायमापासून. वीस वर्षं हिनंच घासल्या बंदुका. मी फक्त चाप-घोडा पाहतो."

भावाचं झाकून ठेवलेलं त्यानं असं उघड्यावर आणलं. अर्ध्याहून जास्त बोलणं खरं होतं, आणि जे खोटं होतं त्यात माझी मान अडकत होती.

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, काय म्हणणं आहे तुमचं? या लायसनवर नंबर लिहिला आहे..."

चार हजार चारशे सतरा. त्यांनी वाचायच्या आधी माझ्या मनात येऊन गेला. दोनदा लाखेखाली झाकून दोनदा जसाच्या तसा परत दिला होता मी तो. मला अक्षर येत नाही, आकडे तेवढे येतात, तेही बंदुकींवरून शिकलेले.

ती दुनळी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. खिडकीचा उजेड नळीवर आडवा पडला होता, आणि ते आडवे ओरखडे मला बसल्या जागेवरून दिसत होते. दोन नळ्यांच्या मधली पट्टी, जिची धार मी अकीकानं घोटून घोटून उभी केली होती, ती साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. मला इतकंच म्हणायचं होतं: साहेब, हे बघा, ही घासाई आडवी आहे, माझी उभी असते. माझ्या हातून गेलेल्या कुठल्याही बंदुकीचा नंबर आणून बघा. वीस वर्षांत एक आकडा गेला असेल तर माझा हात तोडा. हे म्हटलं असतं तर गफ्फार तिथंच खोटा पडला असता. आणि वीस वर्षांच्या गुन्ह्याची कबुली माझ्याच तोंडून लिहून घेतली गेली असती. माझी अब्रू तर गेलीच असती, मातीत गेलेल्या उस्तादांचीही.

"मले काय समजते त्यातलं, साहेब?" मी म्हणाले. "मी भाकऱ्या भाजते."

भगवानराव मोठ्यानं हसले. "घ्या! बाईच्या हाती कोणी बंदूक देते का? अरे, उस्तादाचे हात मी पाह्यले ना, सोन्याचे हात होते माणसाचे. ह्या गड्यानं आपलं पाप भावाच्या रांडमुंड बायकोवर ढकललं, साहेब. लाज पाह्यजे."

कारकूनही हसला. दारातला शिपाई हसला. तहसीलदार हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. झालं. एका वाक्यात सगळ्यांना पटलं. मला वाटलं होतं कोणी तरी थोडी शंका घेईल, चार प्रश्न विचारील, मला खोटं रेटून बोलावं लागेल. कोणाला तसूभर शंका आली नाही. वीस वर्षं मी काय केलं ते त्यांना सांगून पटलं नसतं, आणि काही केलं नाही हे न सांगताच पटलेलं होतं. मला गफ्फारचा आला नव्हता इतका राग त्या हसणाऱ्यांचा आला.

"जबानीवर अंगठा लावा," कारकून म्हणाला. "बायांचा उजवा."

त्यानं माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. उचलला तर खाली नुसता काळा ठिपका. रेघ नाही, वळण नाही. त्यानं शाई कमी करून पुन्हा दाबला. पुन्हा तसाच, सपाट.

"डावा आणा," तो म्हणाला. डावाही तसाच उठला. कारकुनानं माझे दोन्ही अंगठे पुसले, उजेडाकडे धरले आणि तहसीलदारांना म्हणाला, "साहेब, रेघाच नाहीत. घासून गेल्यात."

खोलीतलं हसणं थांबलं. रेगमाल पट्टीवर ताणून धरायला दोन्ही अंगठे लागतात, आणि कुरुंद नळी आणि माणूस यांत फरक करत नाही. काम सुटून काही महिने झाले तरी वीस वर्षांची झीज अजून भरून आली नव्हती. गफ्फार जागेवरून अर्धा उठला. "पाह्यलं? पाह्यलं, साहेब? हात पाहा तिचे! मी खोटं बोलून राह्यलो का?"

तहसीलदार माझ्या अंगठ्यांकडे पाहत होते. मग त्यांनी टेबलावरची दुनळी उचलली, नंबराच्या जागी आपलं बोट फिरवलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं असं मला आजही वाटतं.

"कशानं गेल्या, बाई?" त्यांनी हळू विचारलं.

"भांडे घासून, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी दुनळी टेबलावर परत ठेवली. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. भांडी घासून."

गफ्फारचं लायसन रद्द झालं, दंड झाला, आणि तो खामगावला जिनात परत गेला. भगवानरावांची दुनळी त्यांना परत मिळाली नाही. पोराच्या लग्नात त्यांनी दुसऱ्याची मागून आणली म्हणतात. घरी शिपायांनी पंचनामा केला आणि मी पडद्याआडून एकदा मोजून सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा मोजत एका पोत्यात भरलं: तीन कानशी, चार जातीचा रेगमाल, कुरुंद, नमदा, अकीकाची घोटणी. चाक बैलगाडीतून नेलं. कोनाड्यातली लाखेची कांडी शिपायानं हातात धरून विचारलं, "हे कायचं?" मी म्हणाले, फुटक्या भांड्याचं भोक बुजवाले. त्यानं ती परत ठेवली.

खिडकीची खोली मला मिळाली. मी तिथं झोपते, धान्य निवडते. उजेड अजून चांगला येतो.

पुढच्या वर्षी प्रकरण बंद करायच्या कागदावर अंगठा हवा म्हणून मला पुन्हा मलकापूरला बोलावलं. तोच कारकून होता. त्यानं शाई लावली, दाबला आणि उचलून पाहिला. एक एक रेघ, एक एक वळण स्पष्ट उठलं होतं.

"वा, बाई," तो म्हणाला. "या खेपेला कसा सुरेख उठला!"

वर्षभर रेगमालाला हात न लावता मी भांडीच घासत होते. भांडी घासून रेघा जात नाहीत, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मी तो कागद बघत उभी राहिले आणि सगळ्या तहसिलीसमोर रडले. उस्ताद वारले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.